तांडेलाने जाळं ओढायचं नसतं: सर्व्हर झोपतो तेव्हा एआयने काय करावं

२९ एप्रिल २०२५. अक्षय तृतीयेची आदली रात्र. देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण आतल्या खोल्यांत मोबाइलला रेंज येत नाही. खळ्यात आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. मी ज्या छोट्या कंपनीचं काम करतो ती बागायतदारांचा हापूस ऑनलाइन विकते, आणि आमच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी रात्र हीच. पावणेनऊला पहिला फोन आला. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेलेत, ऑर्डर मात्र कुठेच दिसत नाही. नऊ वाजेपर्यंत अशा तक्रारींची रांग लागली.

त्या रात्री 'ऑन-कॉल' मी होतो. म्हणजे काही बंद पडलं तर पहिला फोन मला आणि निस्तरायची जबाबदारी माझी. कॉलवर आम्ही पाच जण जमलो. पहिल्या दोन मिनिटांतच कोणीतरी म्हणालं, "यूपीआय परत गेलं वाटतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच महिन्याच्या १२ तारखेला यूपीआय देशभर खरोखरच अडखळलं होतं, आठवण ताजी होती. मग आम्ही पेमेंट कंपनीला फोन लावत बसलो, समाजमाध्यमांवर 'यूपीआय डाऊन' शोधत बसलो. मी एका हाताने डेटाबेसमध्ये शोधाशोध करत होतो, दुसऱ्या हाताने मालकांच्या 'झालं का?' या मेसेजला 'बघतोय' असं उत्तर देत होतो, आणि मधूनच गिऱ्हाइकांना पाठवायचा मजकूर कोणीतरी मला वाचून दाखवत होतं.

खरं कारण सापडायला दोन तास दहा मिनिटं लागली. संध्याकाळी ७:४० ला आमच्यातल्याच एकाने सर्व्हरवरची एक गुप्त किल्ली बदलली होती. पेमेंट कंपनीकडून येणारा 'पैसे मिळाले' हा निरोप खरा आहे की कोणी खोटा पाठवलाय, हे त्या किल्लीवरून आमचा सर्व्हर ओळखतो. किल्ली चुकीची बसली, त्यामुळे सगळे खरे निरोप खोटे ठरवून तो परत पाठवत होता. यूपीआय ठणठणीत होतं. जुनी किल्ली परत बसवायला चार मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तात्यांना हे सांगितलं. तात्यांची हयात मासेमारीच्या ट्रॉलरवर गेली, त्यातली शेवटची वीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून. मी म्हटलं, "तात्यांनू, सगळा मी एकट्यान केलंय, तरी दोन तास गेले." तात्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "म्हणानच गेले. मेल्या, तांडेलान जाळा ओढूक घेतल्यान तर होडी खंय जाता ता कोण बघतलो?"

हा लेख म्हणजे तात्यांच्या त्या एका वाक्याचा लांबवलेला अर्थ आहे.

तांडेल कशाला लागतो

कॉम्प्युटरच्या जगात 'इन्सिडेंट' म्हणजे चालू सेवा अचानक बिघडणं. साइट उघडत नाही, पैसे अडकतात, तिकीट निघत नाही, कधी कोणी चोर आत शिरलेला असतो. अशा वेळी दुरुस्ती करणारे हात बरेच असतात. कमी असतो तो एक डोकं शांत ठेवून सगळ्यांकडे बघणारा माणूस. त्याला 'इन्सिडेंट कमांडर' म्हणतात. आपण तांडेल म्हणू.

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नव्हे. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियात जंगलांना भीषण वणवे लागले. वेगवेगळ्या खात्यांची अग्निशमन दलं धावली, पण प्रत्येकाचे शब्द वेगळे, वायरलेस वेगळे, आणि कोण कोणाचं ऐकणार हे ठरलेलं नाही. त्या गोंधळातून पुढच्या काही वर्षांत एक पद्धत घडली. घटनेचा प्रमुख एक, बाकीच्यांची कामं वाटलेली, आणि कोणाही एकाच्या हाताखाली साधारण तीन ते सात माणसंच. मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी पुढे हीच पद्धत उचलली. तिच्यातला सर्वांत अवघड नियम असा, की प्रमुखाने स्वतः दुरुस्तीला हात घालायचा नाही. चांगल्या इंजिनिअरला हे फार जड जातं. समोर चूक दिसत असते, बोटं शिवशिवत असतात.

पण तांडेलाची कामं मोजून बघा. आत्तापर्यंत काय काय केलं हे लक्षात ठेवायचं. कोण काय तपासतंय आणि परत कधी सांगणार आहे, याचा हिशेब ठेवायचा. कोणती शंका तपासून झाली आणि कोणती नुसतीच गृहीत धरली, हे वेगळं ठेवायचं. मालकांना, गिऱ्हाइकांना, कधी सरकारला कळवायचं. कोणाला झोपेतून उठवायचं ते ठरवायचं. आणि शेवटी 'परत जुन्यावर जायचं की पुढे रेटायचं' असा निर्णय, निम्मी माहिती हातात असताना, घ्यायचा.

यातला निर्णय सोडला तर बाकी सगळं वहीत लिहिण्याचं, निरोप्याचं आणि घड्याळ बघण्याचं काम आहे. तेच तांडेलाचं डोकं खातं. १२ एप्रिलला यूपीआय का अडखळलं याचा, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने नंतर केलेला खुलासा मला म्हणूनच फार आवडतो. काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचं काय झालं?' ही विचारणा पुन्हा पुन्हा, इतक्या प्रचंड संख्येने करत राहिल्या, की त्या विचारणांच्या ओझ्याखालीच मूळ यंत्रणा दबली. कुठल्याही इन्सिडेंटच्या कॉलवर तांडेलाचं नेमकं हेच होतं. 'झालं का?' विचारणारे इतके असतात, की ते व्हायला वेळच उरत नाही.

ठरलेला नियम आणि अंदाज

हल्ली ऑटोमेशन आणि एआय हे दोन शब्द एकाच पिशवीत भरले जातात. मला वाटतं ते वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो.

ऑटोमेशन बघायचं तर कोकण रेल्वेचा पावसाळा बघा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी तिच्यावर आदळली आणि ५० हून अधिक माणसं गेली. आज या मार्गावर रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर, गोव्यात मांडवी आणि जुवारीवर, आणि खाली कर्नाटकात शरावतीवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्याकडे निघाली की इशारा देणारी सोय आहे. ठिकठिकाणी आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक आहेत. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, हे आधीच ठरलेलं आहे. तिथे चालकाला विचार करत बसायचं कारण नाही. यंत्र मोजतं, नियम आधी ठरलेला असतो, आणि तरीही रात्री कंदिलाच्या जागी आलेला टॉर्च घेऊन गस्तीचा माणूस रुळावरून चालतोच.

सर्व्हरच्या जगात ऑटोमेशन अगदी असंच असावं. ऑर्डर अर्ध्याने घटल्या की घंटा वाजावी, ठरलेल्या पाच जणांना फोन जावा, कॉलची खोली आपोआप उघडावी, तिच्यात 'तांडेल कोण, लिहिणार कोण, बाहेर कळवणार कोण' हा प्रश्न आपोआप पडावा. यात हुशारीचा भाग शून्य. आणि त्यातच त्याचं मोल आहे, कारण रात्री दोन वाजता माणसाकडेही हुशारी शिल्लक नसते.

एआय म्हणजे इथे भाषा वाचणारं आणि लिहिणारं मॉडेल. ते वेगळ्या जातीचं. त्याची तुलना मी तात्यांच्या ट्रॉलरवरच्या फिश फाइंडरशी करतो. पाण्यात आवाज सोडायचा, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर ठिपके काढायचे. ठिपका दिसला म्हणजे खाली काहीतरी आहे. पण तो बांगड्याचा थवा आहे की जेलीफिशचा गोळा, हे पडदा छातीठोकपणे सांगत नाही. तात्या पडदा बघायचे, मग पाण्याचा रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी बघायचे, आणि मग जाळं सोडायचं की नाही ते ठरवायचे. फिश फाइंडर आला म्हणून तांडेल घरी बसला नाही. दर्यात उगाच फिरणं मात्र कमी झालं.

मग एआयला नेमकं कुठे बसवायचं

सगळ्यात आधी वहीवर. कॉलवर जे बोललं जातं आणि चॅटमध्ये जे लिहिलं जातं, ते ऐकून मिनिटागणिक नोंद ठेवणं हे काम मॉडेल चांगलं करतं. '९:०४, यूपीआयवर संशय. ९:११, पेमेंट कंपनीला फोन, उत्तर नाही. ९:२०, डेटाबेस तपासला, ठीक.' नोंद असली की उशिरा आलेल्या माणसाला 'आत्तापर्यंत काय झालं' हे तांडेलाला परत सांगावं लागत नाही. तो नोंद वाचतो आणि कामाला लागतो. दर नव्या माणसामागे वाचलेली ती पाच मिनिटं साठत जातात.

दुसरं, निरोपांवर. मालकांना हवा असतो एक मजकूर, गिऱ्हाइकांना दुसरा, इंजिनिअरांना तिसरा. गूगलच्या सुरक्षा विभागाने एप्रिल २०२४ मध्ये आपला अनुभव मांडला होता. घटनांचे सारांश मॉडेलकडून लिहून घेतल्यावर त्यावर जाणारा वेळ ५१ टक्क्यांनी घटला, आणि तपासणाऱ्यांना ते सारांश माणसांनी लिहिलेल्यांपेक्षा थोडे सरसच वाटले. पाठवायचं बटण अर्थात माणसाच्या हातात. आपल्याकडे याला आणखी एक किनार आहे. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. चोर घरात असताना घड्याळाकडे लक्ष ठेवणं माणसाला सुचत नाही. 'चार तास झाले, कळवायचा मसुदा तयार आहे, वाचून बघा' असं यंत्राने सांगितलं तर ती मोठी मदत आहे.

तिसरं, घंटांच्या गोंगाटावर. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात बिघाड झाला, तेव्हा सुरुवातीलाच शंभराहून जास्त धोक्याच्या घंटा एकदम वाजू लागल्या. त्यातली महत्त्वाची कुठली आणि बिनकामाची कुठली, हे वेगळं काढायची सोय नव्हती. वर एक दिवा असा होता, की झडप उघडी राहिलेली असतानाही ती बंद झाल्यासारखी वाटावी. एका बिघाडातून निघालेल्या दोनशे अलर्टची एकच मोळी बांधणं आणि 'हे सगळं पेमेंटच्या सर्व्हरपासून सुरू झालेलं दिसतं' असं सुचवणं, हे आज यंत्राला बऱ्यापैकी जमतं.

चौथं काम माझ्या मते सगळ्यात फायद्याचं आहे. त्याचं नाव 'बदललं काय?'. चालती गाडी अचानक बिघडली तर बहुतेक वेळा कोणीतरी नुकताच कुठेतरी हात लावलेला असतो. अडचण अशी, की मोठ्या कंपनीत दिवसाला हजारो बदल होतात. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने जून २०२४ मध्ये आपली पद्धत सांगितली. आधी साध्या नियमांनी हजारो बदलांतून काहीशे संशयित निवडायचे, मग त्यांच्याच जुन्या तपासांवर शिकवलेल्या मॉडेलकडून त्यांची क्रमवारी लावून घ्यायची. जुन्या घटनांवर पडताळणी केली, तेव्हा तपासाच्या सुरुवातीला हाती असलेल्या माहितीवरच ४२ टक्के वेळा खरं कारण पहिल्या पाचांत होतं.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. तपास सुरू होताना, काही माहीत नसताना, निम्म्याच्या आसपास वेळा पाच नावांत गुन्हेगार सापडणं ही मोठी गोष्ट आहे. आणि उरलेल्या ५८ टक्के वेळा पाचही नावं निर्दोष होती. जो तांडेल 'यंत्राने सांगितलंय' म्हणून त्या पाचांच्याच मागे लागेल, तो निम्म्याहून जास्त वेळा चुकीच्या किनाऱ्याला लागेल. आमची २९ एप्रिलची रात्र मात्र त्या ४२ मध्ये पडली असती, याबद्दल मला शंका नाही. त्या दिवसात बदल एकूण तीनच झाले होते. कोणी विचारलंच नाही.

पहिला संशय

विचारलं का नाही? कारण उत्तर आधीच मिळालं होतं. 'यूपीआय गेलं' हे पहिलं वाक्य कानात बसलं आणि पुढची सगळी माहिती त्या वाक्याला पूरक वाटू लागली. पेमेंट कंपनीचा फोन लागत नाही? बघा, म्हणजे त्यांच्याकडेही गडबड आहे. सणाच्या आदल्या रात्री कोणाचाच फोन लागत नाही, हे डोक्यात आलं नाही.

यात आमच्या छोट्या कंपनीचं काही विशेष नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य साइट जिच्या यंत्रणेतून लोकांपर्यंत पोचतात ती कंपनी, अडखळली आणि जगभरातल्या असंख्य साइट उघडेनाशा झाल्या. कारण घरातलंच होतं. डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या एका बदलामुळे एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट फुगली, आणि ती वाचणारा प्रोग्राम कोसळला. पण त्यांच्या लोकांना सुरुवातीला संशय आला तो बाहेरून झालेल्या प्रचंड हल्ल्याचा. त्यात योगायोग असा, की त्यांचं सेवेची स्थिती सांगणारं पान, जे त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेवर नसतंच, तेही नेमकं त्याच वेळी बंद पडलं. कोणालाही हल्लाच वाटला असता.

इथे एआयला एक चांगलं काम देता येतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याला कारण सांगायला लावू नका. शंकांचा हिशेब ठेवायला लावा. 'यूपीआय बंद आहे हे गृहीत धरून वीस मिनिटं झाली. कोणी स्वतः एक रुपया पाठवून बघितलाय का?' हा प्रश्न त्या रात्री विचारला गेला असता तर आम्ही साडेनऊला जेवायला बसलो असतो. माणसाला माणसाचं म्हणणं खोडायला संकोच वाटतो, विशेषतः ते वरिष्ठाने मांडलेलं असेल तर. यंत्राला भीड नाही. मात्र त्याने ते दर दोन मिनिटांनी विचारलं तर लोक त्यालाही गप्प करतील. सासूसुद्धा इतक्यांदा विचारत नाही.

जिथे यंत्राचा हात अडवायचा

'एआय स्वतःच दुरुस्त करून टाकेल' असं विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एक प्रश्न विचारतो. केलेलं परत फिरवता येतं का?

बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा चालू करणं, एक जास्तीचा सर्व्हर जोडणं, आजचा बदल काढून कालच्या अवस्थेला जाणं, ही बहुधा परत फिरवता येणारी कामं. ती यंत्राला, ठरलेल्या चौकटीत आणि ठरलेल्या संख्येपर्यंत, द्यायला हरकत नाही. डेटा पुसणं, पैसे परत करणं, सगळ्यांना एकदम लॉगआउट करणं, ही वेगळी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका दमलेल्या इंजिनिअरने राखीव डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी उडालं होतं. बॅकअपच्या पाच वाटांपैकी एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. अशा वेळी मला यंत्र हवंय ते 'थांबा, हा मुख्य सर्व्हर आहे' असं ओरडणारं. पुसण्याचं बटण यंत्राकडेच दिलं तर ओरडणार कोण?

ऑटोमेशन स्वतःच्या पायात पाय अडकवून पडल्याची उदाहरणंही कमी नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे इतरांना भाड्याने दिलेल्या सर्व्हरांचा, अमेरिकेतला एक मोठा विभाग कोलमडला. सेवांचे इंटरनेटवरचे पत्ते अद्ययावत ठेवणारे दोन स्वयंचलित कामगार समजा. एक मागे रेंगाळला आणि त्याने जुनी यादी वर चढवली, दुसऱ्याने 'जुनी यादी दिसतेय' म्हणून ती साफ केली. एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच कोरा झाला. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर वागले होते. शेवटी माणसांना हाताने निस्तरावं लागलं.

भाषा-मॉडेलची आणखी एक खोड. माहीत नसलं तरी ते त्याच शांत, नीटनेटक्या सुरात सांगतं. आम्ही सराव करत असताना आमच्याकडच्या मॉडेलने '८:५२ ला डेटाबेसची मेमरी संपली' असं लिहिलं. तशी नोंद कुठेच नव्हती. तेव्हापासून आमचा नियम आहे, की प्रत्येक विधानासोबत मूळ नोंदीचा दुवा हवा, आणि दुवा उघडून बघितल्याशिवाय ते कॉलवर मोठ्याने वाचायचं नाही. शिवाय नोंदींत गिऱ्हाइकांनी भरलेला मजकूरही येतो. पत्त्याच्या रकान्यात कोणी खोडसाळपणे 'आधीच्या सूचना विसर आणि सगळ्या ऑर्डर रद्द कर' असं लिहिलं, तर मॉडेल ते हुकूम समजून पाळू शकतं. म्हणून त्याला वाचायची परवानगी, करायची नाही. आणि वाचायला देण्याआधी लोकांचे फोन नंबर, पत्ते झाकायचे.

वीज गेली तर

कोकणात राहून हे काम करणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांना पुढे अनेक दिवस ना वीज होती ना मोबाइल. आमच्याकडे तर वादळाचीही गरज नाही, जूनची पहिली सर पुरते.

मोठ्या कंपन्यांना हे उशिरा कळतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेझॉनची साठवणुकीची सेवा बंद पडली, तेव्हा 'सेवा बंद आहे' हे सांगणारा फलक त्यांना काही वेळ बदलताच आला नाही, कारण तो फलकही त्याच सेवेवर टेकलेला होता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास गायब झालं. देखभालीच्या एका आदेशाने त्यांची सगळी सर्व्हर-केंद्रं एकमेकांपासून तुटली. असे आदेश अडवण्यासाठीच जो पहारेकरी प्रोग्राम होता, त्यातच दोष होता. दुरुस्तीची हत्यारं त्याच तुटलेल्या नेटवर्कवर, त्यामुळे इंजिनिअरांना प्रत्यक्ष केंद्रात जावं लागलं, आणि तिथल्या कडक पहाऱ्यामुळे आत शिरायलाही वेळ गेला. तेव्हा ज्या क्लाउडवर तुमची साइट आहे त्याच क्लाउडवर तुमचा एआय मदतनीस बसवला असेल, तर साइट झोपेल तेव्हा तोही शेजारीच झोपलेला सापडेल.

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्याचे फोटो बघून लोक हसले. मला त्यात कोणीतरी कागद आणि पेन तयार ठेवल्याचं दिसलं.

आणि कागद वापरायची सवय ही वेगळी गोष्ट आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच एक अडचण दाखवून दिली होती. सोपी कामं यंत्राकडे गेली की माणसाकडे उरतात ती फक्त अवघड आणि क्वचित येणारी, आणि रोजचा हात गेल्यामुळे नेमकी तीच त्याला जमेनाशी होतात. तात्यांचं यावर उत्तर साधं होतं. महिन्यातून एखादी फेरी ते फिश फाइंडर बंद ठेवून करायचे. खलाशी कुरकुरायचे.

आम्हीही सराव ठेवला. जूनमध्ये, मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, आंबा संपला होता, तेव्हा एका दुपारी २९ एप्रिलचीच रात्र पुन्हा रचली. तांडेल केलं आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीला, जी त्या रात्री कंपनीत नव्हती आणि जिला कारण माहीत नव्हतं. मला सांगितलं होतं, की मी 'यूपीआय गेलं' म्हणायचं आणि त्यावर अडून बसायचं. ते मला सोपं गेलं.

यंत्राने माणसं जमवली, नोंद सुरू केली, मालकांसाठी मसुदा तयार ठेवला. सातव्या मिनिटाला त्याने विचारलं, की यूपीआयची शंका कोणी तपासली का, आणि खाली त्या दिवसाचे तीन बदल वेळेसकट मांडले. तिने ते वाचलं, एकाला एक रुपया पाठवायला सांगितलं, दुसऱ्याला ७:४० चा बदल बघायला सांगितलं, आणि मी डेटाबेसकडे वळायला लागलो तेव्हा म्हणाली, "दादा, तुम्ही हात नका लावू, फक्त काय दिसतंय ते सांगा."

बाराव्या मिनिटाला आमच्याकडची वीज गेली. हे सरावात ठरलेलं नव्हतं. राउटर बंद, कॉल बंद. मी फोन घेऊन पडवीच्या टोकाला धावलो आणि कशीबशी एक काडी रेंज मिळवून तिला साधा कॉल लावला. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. "बोला," ती म्हणाली, "मी वहीत लिहितेय. ७:४० पर्यंत आलेय."